हिब्रू वाचायला शिकताना: अक्षरं, निकूद आणि आपली मराठी जीभ

खारेपाट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे हिब्रू वाचायला शिकायला दोन तऱ्हेची माणसं येतात. काही आमच्या बेने इस्रायल (कोकणातल्या यहुदी) समाजातली. त्यांना प्रार्थना तोंडपाठ असतात, पण पुस्तक उघडलं की अक्षर लागत नाही. बाकीची निव्वळ भाषेच्या ओढीने येतात. दोघांचं घोडं अडतं ते मात्र एकाच ठिकाणी: अक्षरांखालच्या टिंबांपाशी. म्हणून मराठी माणसाने या लिपीत शिरावं कसं, हे एकदा सविस्तर लिहिते. हा धागा हिब्रू लिपीत न लिहिता मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे, कारण अक्षरं बघायला पाटी किंवा पुस्तक लागतंच. इथे मला फक्त बोलायचं आहे.

अक्षरं बावीस. आलेफ, बेत, गीमेल, दालेत पासून शिन, ताव पर्यंत. लिहायचं उजवीकडून डावीकडे. आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे, त्यामुळे ओळीत मध्येच वर्ष किंवा फोन नंबर आला की डोळ्याला उलटी उडी मारावी लागते. काफ, मेम, नून, पे आणि त्सादी या पाच अक्षरांचं शब्दाच्या शेवटी रूप बदलतं. इंग्रजीतल्यासारखी मोठी-लहान अक्षरं नाहीत, आणि अरबीसारखी अक्षरं एकमेकांना जोडलेलीही नसतात. तोराची (यहुद्यांच्या पवित्र ग्रंथाची) गुंडाळी लिहिणारा लेखनिक, म्हणजे सोफेर, चामड्यावर आधी रेघा ओढून घेतो आणि अक्षरं त्या रेघेवर ठेवत नाही, रेघेखाली लटकवतो. शिरोरेघेखाली अक्षर काढायची सवय असलेल्या हाताला हे पटकन जमतं. लामेद तेवढं एकच अक्षर रेघेच्या वर मान काढतं.

आता मुख्य गोष्ट. देवनागरीत नुसता 'क' लिहिला तरी त्यात 'अ' असतोच. हिब्रूत तसं नाही. प्रत्येक अक्षर पाय मोडलेलं आहे असं समजा. काफ म्हणजे क्, मेम म्हणजे म्. स्वर कुठला, हे मूळ लिपी सांगतच नाही. तो वाचणाऱ्याला माहीत असायचा. पुढे भाषा रोजच्या बोलण्यातून गेली, फक्त पठणात राहिली, तेव्हा उच्चार हरवायला नकोत म्हणून साधारण सातव्या ते दहाव्या शतकात गॅलिलीतल्या तिबेरियास गावच्या मासोरेत पंडितांनी अक्षरांच्या वर, खाली आणि पोटात खुणा घातल्या. हेच निकूद. पवित्र मजकुरातलं एकही अक्षर हलवायचं नव्हतं, म्हणून सगळा स्वर अक्षरांच्या आजूबाजूच्या रिकाम्या जागेत बसवला. आरोन बेन आशेर यांनी निकूद घातलेली, इ. स. ९३० च्या सुमाराची हिब्रू बायबलची अलेप्पोची पोथी या कामाचा सर्वांत नावाजलेला नमुना आहे. बाबिलोनियात खुणा अक्षराच्या वर देण्याची वेगळी पद्धत होती, पण टिकली ती तिबेरियासची.

खुणा बऱ्याच आहेत, पण आजच्या हिब्रूत स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बोलण्यात उरलेला नाही. त्यामुळे शालोम लिहावं की शलोम, यावर वाद घालू नका. तो स्वर आपल्या अ आणि आ यांच्या मधला आहे.

अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे पताख़, आणि त्या रेघेला खाली शेंडी असेल तर कामात्स. दोन्ही 'आ'. शेजारी शेजारी दोन टिंबं म्हणजे त्सेरे, तीन टिंबांचा उलटा त्रिकोण म्हणजे सेगोल. दोन्ही 'ए'. खाली एकच टिंब म्हणजे ख़िरिक, 'इ'. डाव्या खांद्यावर टिंब म्हणजे ख़ोलाम, 'ओ'. तिरकी तीन टिंबं म्हणजे कुबुत्स, 'उ'. 'वाव' या अक्षराच्या पोटात टिंब असेल तर तो शुरुक, तोही 'उ'. एकाखाली एक दोन टिंबं म्हणजे श्वा, आणि त्याच्याविषयी खाली लिहिते, कारण तो अवघड आहे.

वाचायचं आपल्या बाराखडीसारखंच: आधी अक्षर, मग त्याखालची खूण. एक अपवाद आहे. शब्दाच्या शेवटी ख़ेत (किंवा आयिन) असेल आणि त्याखाली पताख़ असेल, तर स्वर आधी म्हणायचा आणि अक्षर नंतर. नोआख़, रुआख़, माशिआख़. 'नोख़ा' असं वाचणारा हमखास नवशिका. या पताख़ला 'गानूव' म्हणतात, म्हणजे चोरलेला.

उच्चारांत मराठी माणसाची एक जमेची बाजू आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. त्सादीचा उच्चार शिकवताना इंग्रजीतून शिकणाऱ्याला दोन अक्षरं जोडून दाखवावी लागतात. आपल्याला फक्त 'चोर', 'चूल', 'चाक' म्हणायचं. तोच च. 'चिमणी'तला नाही. तसंच झायिन हे अक्षर 'जागा', 'बाजू' यांतल्या ज च्या अगदी शेजारचं आहे, फक्त जीभ दातामागे न टेकवता.

अडचण येते ती ख़ेतपाशी. आपला ख म्हणजे क आणि हवेचा झोत. ख़ेत घशातून घासत येतो आणि हवा कुठे अडत नाही. उर्दूतला 'ख़ुदा' नीट ऐकलेला असेल तर तोच. 'एख़ाद' मधला ख़ 'एखादा' मधल्या ख सारखा म्हटला की कानाला लगेच खटकतो. फे आणि वेत (पे आणि बेत यांचीच फ आणि व उच्चारांची रूपं) म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. आपला 'फूल' मधला फ किंवा 'वारा' मधला व तिथे चालत नाही.

शेवटी एक आग्रहाचं सांगणं. निकूद मनापासून शिका, पण तिथे मुक्काम करू नका. आणि देवनागरी लिप्यंतर पहिल्या आठवड्यानंतर बाजूला ठेवा. शंका असतील त्या विचारा.

त्रिज्या

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

दोन शंका आहेत. एक म्हणजे अक्षराच्या पोटात टिंब दिसतं ते काय? ते स्वर आहे का? दुसरी म्हणजे 'आ' साठी दोन खुणा आणि 'ए' साठी दोन खुणा कशाला, जर उच्चार एकच आहे?

खारेपाट

त्रिज्या, पोटातलं टिंब म्हणजे दागेश. तो स्वर नाही. जुन्या हिब्रूत सहा अक्षरांचे उच्चार दागेशने बदलायचे, आज त्यातली तीनच राहिली. बेत: टिंब असेल तर ब, नसेल तर व. काफ: टिंब असेल तर क, नसेल तर ख़. पे: टिंब असेल तर प, नसेल तर फ. ढोबळ नियम असा की शब्दाच्या सुरुवातीला आणि मुक्या (स्वर नसलेल्या) श्वानंतर टिंब असतं, स्वरानंतर नसतं. म्हणून 'कातव' (त्याने लिहिलं) मध्ये सुरुवातीला क, आणि 'मिख़्ताव' (पत्र) मध्ये तेच अक्षर ख़. याशिवाय दागेशचा दुसरा प्रकार आहे, तो पूर्वी अक्षराचं द्वित्व दाखवायचा, आपल्या 'पक्का' मधल्यासारखं. आज बोलण्यात द्वित्व ऐकू येत नाही, पण ब-व, क-ख़, प-फ ठरवताना तो प्रकारही मोजावाच लागतो.

शिनवर उजवीकडे टिंब असेल तर श, डावीकडे असेल तर स. हेही स्वर नाहीत.

दोन खुणा एकाच उच्चाराला का? कारण खुणा घालणाऱ्यांच्या तोंडी ते स्वर वेगळे होते. तिबेरियासचा कामात्स 'ऑ'कडे झुकलेला होता. पूर्व युरोपातल्या अश्केनाझी परंपरेत तो अजूनही 'ओ'सारखा म्हणतात, आणि टिंब नसलेल्या तावचा ते 'स' करतात. म्हणून त्यांच्याकडचे जुने लोक 'शब्बोस' म्हणतात आणि आपल्याकडे 'शब्बात' (शनिवारचा विश्रांतीचा दिवस). आधुनिक हिब्रू घडताना सेफारादी उच्चार धरले गेले आणि कामात्स पताख़मध्ये मिसळला.

मात्र काही शब्दांत कामात्स अजूनही 'ओ' आहे. त्याला कामात्स कातान म्हणतात. 'सर्व' या अर्थाचा 'कोल', 'शहाणपण' या अर्थाचा 'ख़ोख़्मा', 'दुपार' या अर्थाचा 'त्सोहोरायिम'. निकूद बघून 'ख़ाख़्मा' वाचाल तर चूक. नियम असा आहे की बंद (व्यंजनावर संपणाऱ्या) आणि आघात नसलेल्या अक्षरगटात तो 'ओ' होतो. पण 'त्सोहोरायिम'सारखे शब्द त्या नियमातही बसत नाहीत, म्हणून नियम घोकण्यापेक्षा हे शब्द पाठ करा. हल्लीच्या काही प्रार्थनापुस्तकांत असा कामात्स लांब शेंडीचा छापतात, ती फार मोठी सोय आहे.

पिंपळपार

खारेपाटताई, लेख उत्तम, पण लिप्यंतराबद्दल तुम्ही जे म्हटलंय त्याच्याशी मी सहमत नाही.

आमच्या आजीला हिब्रू अक्षर येत नव्हतं. तिच्या प्रार्थनेच्या वहीत सगळं देवनागरीत होतं, आणि त्या वहीच्या जोरावर तिने शब्बातची एकही प्रार्थना चुकवली नाही. कोकणातल्या गावोगावी आमचे लोक तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेले. त्यांना हिब्रू पंडित कुठून मिळणार? 'शमा यिस्राएल' ही प्रार्थना तेवढी टिकली, आणि पुढे कोचीनहून आणि बगदादी मंडळींतून शिक्षक आले तेव्हा बाकीचं आलं. १८७४ साली पुण्यात पेसाखची हग्गादा (त्या सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापली गेली ती हिब्रू आणि मराठी मिळूनच. जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी (१८३४–१९०५) प्रार्थना मराठीत आणल्या म्हणून त्या घराघरांत समजल्या. देवनागरीने आम्हाला तारलं आहे. तिला 'पहिल्या आठवड्यानंतर बाजूला ठेवा' म्हणणं मला जड जातं.

खारेपाट

पिंपळपार, तुमच्या आजीच्या वहीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आमच्याही घरात तशी वही आहे. प्रार्थना म्हणायची असेल तर ती वही पुरेशी आहे, आणि ती जपलीच पाहिजे.

मी बोलते आहे ते वाचायला शिकण्याबद्दल. एक उदाहरण घेऊ, तुम्ही म्हणालात तेच. 'शमा यिस्राएल अदोनाय एलोहेनू अदोनाय एख़ाद.' हे देवनागरीत वाचलं की काम झालं. आता हिब्रूत बघा.

पहिलं अक्षर शिन, उजव्या खांद्यावर टिंब, खाली श्वा: श्. मग मेम, खाली पताख़: मा. मग आयिन, खाली काहीच नाही. देवनागरीत 'शमा' लिहिलं की हे तिसरं अक्षर नाहीसं होतं. येमेनी यहुदी ते घशाच्या तळातून म्हणतात, आपण म्हणत नाही, पण शब्दाचा तिसरा पाय तोच आहे. तो माहीत नसेल तर 'लिश्मोआ' (ऐकणं) आणि 'शमा' एकाच मुळातले, हे कसं दिसणार?

पुढे यिस्राएल: योद आणि ख़िरिक, यि. पुन्हा शिनचाच आकार, पण टिंब डाव्या खांद्यावर आणि खाली श्वा: स्. रेश आणि कामात्स, रा. आलेफ आणि त्सेरे, ए. लामेद, ल्.

मग येतात चार अक्षरं: योद, हे, वाव, हे. त्यांचा उच्चार करायचा नाही. तिथे 'अदोनाय' म्हणायचं. मासोरेत पंडितांनी त्या चार अक्षरांना आठवणीसाठी 'अदोनाय'चे स्वर जोडले. आलेफखाली हताफ पताख़ (श्वा आणि पताख़ मिळून झालेली खूण) लागतो, योदखाली त्याच्या जागी साधा श्वा आला. ज्यांना ही पद्धत माहीत नव्हती त्यांनी चार अक्षरं आणि परके स्वर एकत्र वाचले, त्यातून 'यहोवा' हे रूप आलं आणि ते मराठीतही रुळलं. देवनागरी वहीत ही गोष्ट दिसूच शकत नाही, कारण तिथे थेट 'अदोनाय' लिहिलेलं असतं.

आणि शेवटचा 'एख़ाद': आलेफ-सेगोल, ख़ेत-कामात्स, दालेत. तोराच्या गुंडाळीत या ओवीतला पहिल्या शब्दाचा आयिन आणि शेवटच्या शब्दाचा दालेत मोठ्या आकारात लिहितात. दालेत आणि रेश यांच्यात फरक फक्त उजव्या कोपऱ्याचा. दालेतचा कोपरा टोकदार आणि बाहेर आलेला, रेशचा गोल. दालेतचा रेश झाला तर 'एक' या शब्दाच्या जागी 'दुसरा' हा शब्द उभा राहतो. एका कोपऱ्यावर एवढं अवलंबून आहे म्हणून तो मोठा लिहायचा, असं कारण परंपरेत सांगतात.

आजींनी ही प्रार्थना जन्मभर म्हटली. नातवंडांनी ती म्हणावी आणि वाचावीही, एवढंच माझं म्हणणं. आणि हे काम मराठीतून करता येतं, यात मला शंका नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं मराठीतून छापली, ती आपल्याच लोकांना शिकवण्यासाठी.

पिंपळपार

दालेत मोठा का लिहितात हे मला माहीत नव्हतं. पटलं. वही ठेवतो, आणि शेजारी हिब्रू पुस्तकही उघडतो.

मोडीवाचक

मी हिब्रूत कोरा आहे, पण मोडी कागदपत्रं वाचतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत, शब्द तोडत नाहीत, संक्षेप भरपूर. तरी सरावाने वाचता येतं, कारण पुढे काय येणार हे मराठी येणाऱ्याला ठाऊक असतं. हिब्रूत तर स्वरच नाहीत. मग रोजचं वर्तमानपत्र लोक वाचतात कसं?

खारेपाट

मोडीवाचक, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. भाषा येत असेल तर वाचता येतं.

निकूद आज दिसतो तो बायबलमध्ये, प्रार्थनापुस्तकांत, कवितेत, लहान मुलांच्या पुस्तकांत आणि नवख्यांसाठीच्या मजकुरात. वर्तमानपत्र, पाट्या, कादंबऱ्या, सरकारी पत्रं, सगळं निकूदशिवाय. एखादा शब्द अडेल असं वाटलं तर तेवढ्या शब्दालाच खूण घालतात.

हे चालतं दोन आधारांवर. पहिला आधार म्हणजे मूळ व्यंजनं आणि साचे. काफ-ताव-बेत ही तीन अक्षरं लिहिण्याशी संबंधित. त्यात एका साच्याचे स्वर ओतले की 'कातव', त्याने लिहिलं. दुसऱ्याचे ओतले की 'कोतेव', तो लिहितो. पुढे मेम लावला की 'मिख़्ताव', पत्र. 'क्तुबा' म्हणजे लग्नाचा करारनामा, आमच्याकडच्या लग्नात तो वाचला जातो. साचे मोजके आहेत, आणि एकदा कानात बसले की नवा शब्दही बिनखुणेचा वाचता येतो.

तरी गोंधळ होतोच. सामेख-पे-रेश एवढंच लिहिलं तर ते 'सेफेर' (पुस्तक) असेल, 'सापार' (न्हावी) असेल, 'साफार' (त्याने मोजलं) असेल, किंवा 'स्फार' (सरहद्द) असेल. 'सापार आणि सेफेर' यांत निकूद असता तर पेच्या पोटातल्या टिंबानेच काम झालं असतं. वाक्यात मात्र कुणी अडत नाही. दुकानात जाऊन केस कापणारा पुस्तक नसतो आणि कपाटात न्हावी नसतो.

दुसरा आधार म्हणजे भरलेलं लेखन. वाव आणि योद ही अक्षरं 'ओ-उ' आणि 'इ' दाखवायला वापरतात. निकूद नसेल तेव्हा ती जास्त घालतात. निकूदात 'सिपेर' (त्याने सांगितलं) योदशिवाय लिहितात, निकूद काढला की मध्ये योद येतो. याचे नियम जेरुसलेमची हिब्रू भाषा अकादमी ठरवते. तिची स्थापना १९५३ ची, आणि हे लेखननियम तिने अलीकडे २०१७ मध्ये सुधारले. शब्दाच्या मधला 'व' हे व्यंजन आहे, स्वर नाही, हे कळावं म्हणून वाव दोनदा लिहितात. शेवटच्या 'हे'चा उच्चार बहुधा होत नाही, तो आधीच्या 'आ'चा किंवा 'ए'चा खांब आहे. तोरा, तोदा, मोशे, सगळ्यांच्या शेवटी तो आहे.

तोराची गुंडाळी तर पूर्ण बिनखुणेची असते. निकूद नाही, पठणाच्या सुरांच्या खुणा नाहीत, विरामचिन्हं नाहीत. वाचणाऱ्याने छापील पुस्तकावरून स्वर आणि सूर पाठ करून यायचं आणि सगळ्यांसमोर गुंडाळीतून वाचायचं. बार मित्स्वाच्या (तेराव्या वर्षीच्या विधीच्या) मुलाची खरी मेहनत असते ती हीच.

त्रिज्या

श्वाबद्दल नंतर सांगते म्हणाला होतात.

खारेपाट

हो. श्वा म्हणजे बहुतांशी आपलं पाय मोडणं. शब्दाच्या मध्ये आणि शेवटी तो मुका: 'मिख़्ताव' मधला ख़्. दोन श्वा लागोपाठ आले तर पहिला मुका आणि दुसरा 'ए': 'यिश्मेरू'.

शब्दाच्या सुरुवातीला मात्र पुस्तकं म्हणतात तो 'ए' वाचा, आणि माणसं तसं बोलत नाहीत. आजच्या बोलण्यात 'ब्राख़ा', 'त्फिला', 'क्लाविम', 'ग्दोला' असे जोडाक्षरांनीच सुरू होतात. पण पहिलं अक्षर य, ल, म, न, र यांपैकी असेल तर 'ए' ऐकू येतो: 'येलादिम', 'मेदिना', 'नेशामा', 'रेख़ोव'. दुसरं अक्षर आलेफ, हे किंवा आयिन असेल तरीही. आणि 'बे', 'ले', 'वे' हे जोडशब्द सुरुवातीला लागले की तिथेही. प्रार्थना म्हणताना जुन्या रीतीने सगळे 'ए' म्हणा, कारण तिथली लय त्यावर बसलेली आहे.

आश्दोदकर

शालोम मंडळी. मी लहानपणी ठाण्याहून इथे इस्रायलला आलो, आश्दोदला राहतो. दोन-चार गोष्टी इकडच्या सांगतो.

पुस्तकात वेगळी वाटणारी बरीच अक्षरं बोलताना एकच आहेत. तेत आणि ताव दोन्ही त. काफ आणि कूफ दोन्ही क. सामेख आणि सिन दोन्ही स. वेत आणि वाव दोन्ही व. ख़ेत आणि ख़ाफ बहुतेकांच्या तोंडी एकच. आलेफ आणि आयिन तर बोलण्यात विरघळूनच जातात, आणि भरभर बोलताना 'हे'ही गळतो. येमेन आणि इराककडून आलेल्या म्हाताऱ्यांकडून ऐका, तिथे ख़ेत आणि आयिन अजून वेगळे ऐकू येतील, आणि फार गोड वाटतात. त्यामुळे इथल्या शाळेत मुलांना शुद्धलेखन पाठ करावं लागतं, आपल्याकडे श-ष आणि ऱ्हस्व-दीर्घ पाठ करावे लागतात तसंच.

रेश इथे पडजिभेजवळून काढतात. नव्याने आलेल्या मराठी माणसाने त्यासाठी घसा खरवडू नये. जिभेच्या टोकाचा आपला र सगळ्यांना समजतो, आणि जुन्या काळी रेडिओवरच्या निवेदकांना तोच र शिकवायचे.

आघाताकडे मात्र लक्ष द्या. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, इथे बदलतो. बहुतेक शब्दांत आघात शेवटी. 'सेफेर', 'येलेद', 'मेलेख़' अशा शब्दांत आधीच्या अक्षरावर. 'बिरा' म्हणताना शेवटी जोर दिला तर राजधानी, सुरुवातीला दिला तर बिअर. निकूदात या दोन शब्दांत फरक दिसत नाही, कानानेच शिकावं लागतं.

आणि आडनावं! आपली 'कर' लागलेली आडनावं हिब्रूत लिहिताना मजा येते. परक्या शब्दातला क कूफने लिहितात आणि त तेतने. 'किहीमकर' म्हणजे कूफ-योद-हे-योद-मेम-कूफ-रेश, हे सरळ आहे. 'दिवेकर' लिहायला दालेत-योद, मग दोन वाव, मग कूफ-रेश. मधल्या 'ए'ला जागाच नाही, त्यामुळे दवाखान्यातली बाई 'दिव्कार' म्हणून हाक मारते. 'तळकर' मधला ळ तर हिब्रूत नाहीच, तो लामेदने लिहितात आणि 'तल्कार' होतो. 'ज' साठी गीमेलला आणि 'च' साठी त्सादीला वर छोटी तिरकी रेघ देतात, तिला गेरेश म्हणतात.

त्रिज्या

हाताने लिहिताना छापील अक्षरंच काढायची का?

आश्दोदकर

नाही. इथे छापील चौकोनी अक्षरं हाताने कुणी लिहीत नाही. हस्तलिपी वेगळी आहे, ती अश्केनाझी मंडळींकडून आली. मुलं आधी छापील वाचायला शिकतात आणि मग हस्तलिपी. गोलाकार, भरभर लिहिता येणारी, पण तीही जोडून लिहीत नाहीत. आलेफ, शिन, त्सादी यांचे आकार इतके बदलतात की नव्याने शिकावे लागतात. सामेख तर निव्वळ गोल होतो. पहिल्यापासून दोन्ही शिका. नाहीतर फळ्यावरचं आणि चिठ्ठीवरचं काही लागणार नाही.

खारेपाट

छापील लिपी ओळखायला, हस्तलिपी लिहायला. मीही असंच शिकवते. छापीलमधल्या ज्या जोड्या चकवतात त्या सुरुवातीलाच शेजारी ठेवून बघा: बेत-काफ (बेतची टाच उजवीकडे बाहेर आलेली), दालेत-रेश, हे-ख़ेत-ताव, वाव-झायिन, आणि सामेख व शेवटचा मेम (सामेख गोल, मेम चौकोनी).

रानजाई

माझा प्रश्न जरा वेगळा. अलिबागजवळ आमच्या गावाबाहेर जुनं यहुदी कब्रस्तान आहे. दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी आहे. काही दगडांवरची मराठी झिजली आहे, फक्त हिब्रू उरलं आहे. त्यात एके ठिकाणी चार अक्षरं आहेत आणि शेवटच्या अक्षराच्या आधी वर दोन छोट्या रेघा. ते नाव आहे की वर्ष?

खारेपाट

रानजाई, शेवटच्या अक्षराआधी दोन रेघा म्हणजे गेर्शायिम. ती खूण सांगते की हा साधा शब्द नाही, एकतर संक्षेप आहे किंवा आकडा. दगडाच्या सुरुवातीला पे-नून असेल तर 'येथे पुरलेला आहे'. शेवटी ताव-नून-त्सादी-बेत-हे अशी पाच अक्षरं असतील तर तो शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या वचनाचा संक्षेप आहे, 'त्याचा प्राण जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहो'. तुमची चार अक्षरं बहुधा वर्ष असतील.

हिब्रूत अक्षरांना किंमत असते. आलेफ ते तेत १ ते ९, योद ते त्सादी १० ते ९०, कूफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. बेरीज करायची. हजाराचा आकडा सहसा लिहीत नाहीत. तसं सांगायला पुढे कधी लामेद-पे-कूफ ही अक्षरं असतात. समजा दगडावर ताव-रेश-सामेख-गीमेल आहे: ४०० + २०० + ६० + ३ = ६६३. त्यात १२४० मिळवा, १९०३. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला बदलतं, म्हणून महिना तिश्री (हिब्रू वर्षाचा पहिला महिना) ते डिसेंबरमधला असेल तर एक वर्ष कमी, १९०२. पंधरा आणि सोळा मात्र योद-हे आणि योद-वाव असे लिहीत नाहीत, कारण ती देवाच्या नावाची अक्षरं आहेत. तिथे तेत-वाव (९ + ६) आणि तेत-झायिन (९ + ७) दिसेल.

दगडावर खडू किंवा पीठ चोळू नका, त्याने दगड खराब होतो. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं असताना फोटो काढा, खोदलेल्या रेघा सावलीने उठून दिसतात.

रानजाई

फोटो काढले. पहिलं अक्षर ताव नक्की आहे. दुसऱ्याचा कोपरा झिजलाय. ते रेश आहे की दालेत, कळत नाही. तिसरं अक्षर योदसारखं किंवा वावसारखं, आणि चौथं बेत किंवा काफ.

खारेपाट

वर्षात अक्षरं सहसा मोठ्या किंमतीकडून लहान किंमतीकडे येतात. दुसरं अक्षर दालेत (४) असतं तर त्याच्यानंतर आणखी दोन अक्षरं आलीच नसती. म्हणजे ते रेश, २००. तोच नियम चौथ्याला लावा. काफ म्हणजे २०, तो योद (१०) किंवा वाव (६) यांच्या नंतर येऊ शकत नाही, म्हणून चौथं बेत, २. आता तिसरं. वाव असता तर सहा आणि दोन असं कुणी लिहीत नाही, आठ साठी ख़ेत हे एकच अक्षर आहे. म्हणून तिसरं योद, १०. ताव-रेश-योद-बेत: ६१२, आणि १२४० मिळवून १८५२. महिना शरदातला असेल तर १८५१.

पुढच्या दगडांसाठी एक सोपी खूण सांगते. १८४० पासून १९३९ पर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक दगडावर वर्षाची पहिली दोन अक्षरं ताव-रेश असतील. त्यानंतरच्या दगडांवर ताव-शिन. नुसता ताव आणि पुढे थेट दशकाचं अक्षर आलं तर दगड १७४० च्याही मागे जाईल. तसा आढळला तर फोटो इथे नक्की टाका.